घरच्या प्रिंटरचा आयपी एकदाच पक्का कसा करावा

प्रिंटर चालू आहे, कागद भरलेला आहे, वायफायचा दिवाही न लुकलुकता स्थिर आहे. तरी लॅपटॉपवर त्याच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ लिहून येतं. मग लॅपटॉप बंद-चालू, प्रिंटर बंद-चालू, आणि शेवटी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं. एवढं केल्यावर प्रिंट निघते आणि घरात सगळ्यांची खात्री पटते की ड्रायव्हरच खराब होता. पुढच्या वेळी लाइट जाऊन आली की पुन्हा तोच खेळ. बहुतेक वेळा ड्रायव्हर निर्दोष असतो. प्रिंटरचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, बदललेला असतो आणि लॅपटॉप अजून जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसलेला असतो.

हा पत्ता कायमचा पक्का करता येतो. खर्च काही नाही, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यासाठी नेटवाल्याला बोलवावं लागत नाही. उलट त्याला फोन केलात तर घोटाळा होण्याचीच शक्यता जास्त. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी कुठेतरी वाचून इंटरनेट कंपनीला फोन लावला आणि ‘स्टॅटिक (न बदलणारा) आयपी द्या’ म्हणून सांगितलं. त्यांना महिन्याचं वेगळं भाडं सांगण्यात आलं, आणि त्यात कंपनीचं काही चुकलंही नाही. कंपनी विकते तो आयपी बाहेरच्या जगासाठी असतो, तुमच्या अख्ख्या घराचा मिळून एक. आपल्याला हवाय तो घराच्या आतला पत्ता, आणि तो वाटण्याचा अधिकार आपल्याच हॉलमधल्या राउटरकडे आहे.

पत्ता बदलतोच का

मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर या प्रत्येकाला राउटर एकेक आयपी पत्ता देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता मुदतीवर मिळतो. कुठे मुदत दोन तासांची, कुठे चोवीस तासांची. अर्धी मुदत उलटली की उपकरण स्वतःच ती वाढवून मागतं, त्यामुळे सगळं सुरळीत असेल तर तोच पत्ता महिनोन्‌महिने टिकतो. बिनसतं ते प्रिंटर आठ-दहा दिवस बंद राहिला किंवा राउटरच बंद पडून चालू झाला की. अनेक घरगुती राउटर कुणाला कोणता पत्ता दिला ती यादी वीज जाताच विसरतात. पावसाळ्यात ठाण्यात लाइट येते-जाते तेव्हा हेच होतं: वीज परतली की फोन आणि टीव्ही आधी पुढे होतात आणि प्रिंटर मात्र कुणीतरी बटण दाबेपर्यंत झोपलेला असतो. तोवर त्याचा जुना पत्ता दुसऱ्याच कुणाला गेलेला असू शकतो.

सोसायटीतलं व्हिजिटर पार्किंग डोळ्यांसमोर आणा. येईल त्याला मोकळी जागा मिळते, रोज तीच मिळेल याची हमी नाही. यावर उपाय दोन. पहिला, वॉचमनच्या वहीत नोंद करून ठेवायची की एमएच ०४ अमुक नंबरची गाडी आली की तिला हीच जागा द्यायची. दुसरा, वॉचमनला न सांगता आपणच एक जागा पकडून गाडी लावायची आणि तो ती दुसऱ्या कुणाला देणार नाही अशी आशा करायची. पहिल्याला राउटरवरचं रिझर्व्हेशन म्हणतात, दुसऱ्याला प्रिंटरमध्ये हाताने भरलेला स्टॅटिक आयपी. गाडीच्या नंबरच्या जागी इथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख-क्रमांक असतो.

माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तिथे नोंद राउटरमध्येच करा. सगळे पत्ते एका जागी दिसतात, दोन उपकरणं एकाच पत्त्यावर भांडत नाहीत, आणि उद्या राउटर बदलला तरी प्रिंटर नव्या नेटवर्कमध्ये निदान शिरतो तरी. हाताने भरलेला पत्ता हा राउटर दाद देत नसेल तेव्हाचा मार्ग.

आधी प्रिंटरचा कागद काढा

प्रिंटर वायफायला जोडलेला असेल तेव्हा त्याच्याकडूनच त्याच्या नेटवर्कचा अहवाल छापून घ्या. स्क्रीन असेल तर सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’खाली रिपोर्ट छापायचा पर्याय सापडतो. स्क्रीन नसेल तर वायफायचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत ही दोन्ही बटणं एकत्र दाबायची असतात. नेमकं बटण मॉडेलप्रमाणे बदलतं, प्रिंटरसोबत आलेल्या पुस्तिकेत ते असतं.

त्या कागदावर दोन ओळींना पेनाने खूण करा. एक, आयपीव्ही४ ॲड्रेस. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. दोन, मॅक ॲड्रेस, ज्याला काही ठिकाणी हार्डवेअर ॲड्रेस म्हटलेलं असतं: दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. त्यात शून्य ते नऊ हे आकडे आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. म्हणजे गोल चिन्ह दिसलं की ते शून्यच, ‘ओ’ कधीच नाही. पुसट छपाईत आठ आणि ‘बी’ मात्र नीट पाहून घ्या.

इथे एक खाच आहे. लॅन केबल आणि वायफाय दोन्हींची सोय असलेल्या प्रिंटरला दोन वेगळे मॅक ॲड्रेस असतात. तुम्ही वायफाय वापरत असाल तर वायफायचाच घ्यायचा. सगळं बरोबर करूनही पत्ता पक्का का होत नाही, याचं उत्तर अनेकदा इथेच निघतं.

अहवालात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पुढे जाऊ नका. राउटरकडून काहीच मिळालं नाही की उपकरण स्वतःच स्वतःला असा पत्ता लावून घेतं. आधी वायफायचा पासवर्ड आणि सिग्नल तपासून प्रिंटर नीट जोडा, मग कागद पुन्हा काढा.

राउटरच्या आत जाणं

राउटरचा स्वतःचा पत्ता शोधायला विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा आणि वायफायच्या भागात ‘डीफॉल्ट गेटवे’समोर काय आहे ते पाहा. आयफोनवर वायफायच्या नावाशेजारच्या माहितीच्या खुणेवर टिचकी मारली की ‘राउटर’ या शब्दासमोर तोच पत्ता दिसतो. अँड्रॉइडवरही वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ म्हणून तो असतो. टीपी-लिंक आणि डी-लिंककडे सहसा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरच्या डब्याचा १९२.१६८.२९.१. हा आकडा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका, गूगलच्या शोधचौकटीत नाही. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, पण टाइप करताना इंग्रजी आकडेच वापरा.

लॉगिन विचारलं जाईल. हा पासवर्ड वायफायचा नव्हे, राउटरच्या व्यवस्थापनाचा. तो बहुधा डब्याच्या खालच्या लेबलवर असतो. जोडणी करून गेलेल्या माणसाने तो बदलला असेल तर त्यालाच विचारावा लागेल. चिकटपट्टीने भिंतीवर डकवलेल्या डब्याचा फोटो मोबाइलने खालून काढणं हा लेबल वाचायचा सगळ्यात सोपा उपाय.

आत गेल्यावर शोधायचा शब्द आहे ‘डीएचसीपी’. टीपी-लिंकच्या नव्या पानांत ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘नेटवर्क’, मग ‘डीएचसीपी सर्व्हर’ आणि तिथे खाली ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’. एसुसमध्ये ‘लॅन’खाली ‘डीएचसीपी सर्व्हर’ आणि तिथे ‘मॅन्युअल असाइनमेंट’. नेटगिअरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’, ‘सेटअप’, ‘लॅन सेटअप’. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यांत हे बहुतेक वेळा ‘लॅन’ किंवा ‘नेटवर्क’खाली दडलेलं असतं. टीपी-लिंकमध्ये ‘आयपी अँड मॅक बाइंडिंग’ असाही एक पर्याय दिसतो. नाव ऐकून तेच हवं असं वाटतं, पण ती सुरक्षेसाठीची वेगळी सोय आहे. तिने पत्ता वाटला जात नाही.

‘ॲड’ दाबलं की तीन गोष्टी भरायच्या: मॅक ॲड्रेस, आयपी आणि नाव. काही राउटर जोडलेल्या उपकरणांची यादीच पुढे करतात, तीतून प्रिंटर निवडता येतो. यादीत नावं मात्र विचित्र असतात. ब्रदरचा वायफायवरचा प्रिंटर बीआरडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होतो, काही उपकरणं नुसती ‘अननोन’ असतात. नावावर जाऊ नका, कागदावरचा मॅक जुळवा. हाताने लिहीत असाल तर जोड्यांच्या मधे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब हवेत की आडवी रेघ, ते राउटरच्या उदाहरणात पाहून तसंच लिहा.

आकडा कोणता निवडायचा

नवख्यांसाठी सगळ्यात निर्धोक उत्तर: प्रिंटरला आत्ता जो पत्ता आहे तोच राखून ठेवा. तो आत्ता चालतोय म्हणजे राउटरच्या हद्दीतला आहे, आणि कुठल्याही राउटरला तो मान्य होतो.

लक्षात राहील असा आकडा हवाच असेल, म्हणजे १९२.१६८.१.५० वगैरे, तर दोन गोष्टी सांभाळा. पहिले तीन गट राउटरच्या पत्त्यातले जसेच्या तसे असले पाहिजेत. बदलायचा फक्त शेवटचा आकडा, आणि तो १ ते २५४ मधला. ० आणि २५५ घरगुती मांडणीत वापरता येत नाहीत, आणि १ वर बहुतेक घरांत राउटर स्वतः बसलेला असतो. दुसरं, डीएचसीपीच्याच पानावर राउटर कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत पत्ते वाटतो ते लिहिलेलं असतं, समजा १०० ते १९९. काही राउटर या पट्ट्यातलाच पत्ता राखू देतात, काहींना बाहेरचाही चालतो. नाकारला तर पट्ट्यातला घ्या, हुज्जत घालू नका.

सेव्ह करा. पत्ता बदलला असेल तर प्रिंटर बंद करून मिनिटभराने चालू करा आणि अहवाल पुन्हा छापा. तोच आकडा आला का ते पाहा. खरी परीक्षा मात्र राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याची. घरातल्या कुणाची ऐरोलीच्या ऑफिसशी मीटिंग चालू नाही ना, एवढं विचारून मगच प्लग काढा.

लॅपटॉपला कळवायला विसरू नका

बहुतेक लोक इथपर्यंत येऊन थांबतात आणि आठवडाभराने म्हणतात, ‘आयपी फिक्स करून काही उपयोग झाला नाही.’ कारण विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडला असेल तर तो बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे विंडोजची प्रिंटरकडे जायची वाट) जोडलेला असतो. त्या जोडणीत विंडोज पक्क्या आयपीऐवजी नेटवर्कवर हाका मारून प्रिंटर शोधतं, आणि हाकेला ओ आली नाही की ‘ऑफलाइन’ म्हणून मोकळं होतं. पत्ता पक्का केलात, तर त्याच पत्त्यावर जायला विंडोजला सांगावंही लागतं.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ असं जाऊन आपला प्रिंटर उघडा. तिथे ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ निवडा. नुसतं ‘प्रॉपर्टीज’ किंवा ‘प्रेफरन्सेस’ नाही, हे तीन वेगळे दरवाजे आहेत. ‘पोर्ट्स’ या टॅबवर ‘ॲड पोर्ट’, मग ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, मग ‘न्यू पोर्ट’. पत्त्याच्या जागी आपला पक्का आयपी भरा. विंडोजने जास्तीची माहिती विचारली तर ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’ राहू द्या. ‘फिनिश’ करा, नव्या पोर्टवर खूण आली आहे हे पाहून ‘अप्लाय’ करा आणि ‘जनरल’ टॅबवरून चाचणीचं पान छापा.

पान निघालं नाही, किंवा निघूनही ‘ऑफलाइन’ दिसत राहिलं, तर त्याच टॅबवर ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची खूण काढा. विंडोज या मार्गाने प्रिंटरची ख्यालीखुशाली विचारत असतं. काही प्रिंटर उत्तर देत नाहीत आणि धडधाकट असून गैरहजर ठरतात. तरीही जमलं नाही तर जुना प्रिंटर यादीतून काढा, कंपनीच्या संकेतस्थळावरून पूर्ण ड्रायव्हर घ्या आणि प्रिंटर हाताने जोडताना आयपीचा पर्याय निवडा. यादीत एकाच प्रिंटरच्या दोन-तीन प्रती, ‘कॉपी १’ वगैरे, दिसत असतील तर जुन्या आताच पुसा. नाहीतर मुलं नेमकी तीच मेलेली प्रत निवडणार, आणि प्रोजेक्ट सकाळी सात वाजता सबमिट करायचा असणार.

स्कॅनरचं खातं वेगळं असतं. छपाई सुरू झाली म्हणजे स्कॅनही होईल असं नाही. एप्सनच्या प्रिंटरला ‘एप्सन स्कॅन २’च्या सेटिंगमध्ये नवा पत्ता पुन्हा भरावा लागतो, बाकीच्या कंपन्यांच्याही अशाच सोयी असतात.

ॲपलचे मॅक संगणक, आयफोन आणि अँड्रॉइड प्रिंटरला नावाने शोधतात, त्यामुळे त्यांना पत्ता बदलल्याचा त्रास मुळातच कमी. तिथे बहुधा काही करावं लागत नाही.

राउटर नोंद घेऊ देत नसेल तर

काही कंपन्यांच्या डब्यांत ग्राहकाला हे पान दाखवलंच जात नाही. मग पत्ता प्रिंटरमध्येच भरा. ब्राउझरच्या पट्टीत प्रिंटरचा सध्याचा आयपी टाका, त्याचं स्वतःचं पान उघडतं. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा ब्राउझर देईल. पत्ता आपल्याच घरातल्या प्रिंटरचा आहे हे पाहून पुढे जा. पासवर्ड मागितला तर बऱ्याच नव्या मॉडेलांत तो प्रिंटरवरच्या लेबलवर सापडतो, कधी अनुक्रमांकच पासवर्ड असतो.

नेटवर्कच्या आयपीव्ही४ भागात ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘मॅन्युअल’ किंवा ‘स्टॅटिक’ निवडा. चार रकाने असतात. आयपी: राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा. सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०. गेटवे: राउटरचा पत्ता. डीएनएस: पुन्हा राउटरचाच पत्ता चालतो. शेवटचे दोन चुकले तरी घरातली छपाई चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही; मग इंकचा हिशेब दाखवणारं ॲप किंवा ईमेलने छपाईची सोय बंद पडते आणि कारण सापडत नाही. एचपीच्या अनेक प्रिंटरांत पत्ता सुचवणारं बटण असतं, पण त्याने सुचवलेला आकडा पट्ट्याबाहेरचा आहे ना हे स्वतः पाहा. राउटरचा पट्टा २ पासून २५४ पर्यंत पसरलेला असेल आणि तो कमी करता येत नसेल, तर निदान वरच्या टोकाचा, २४० च्या पुढचा आकडा घ्या. तिथवर घरातली उपकरणं क्वचितच पोहोचतात.

‘अप्लाय’ केल्यावर पान अडकून पडेल. घाबरू नका, प्रिंटर नव्या पत्त्यावर राहायला गेलाय. ब्राउझरमध्ये नवा पत्ता टाका.

दोन डबे असलेली घरं

आपल्याकडे ही मांडणी फार दिसते: दाराजवळ इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून स्वतः विकत आणलेला दुसरा राउटर. दोघंही आपापले पत्ते वाटतात. प्रिंटर एकाकडे, लॅपटॉप दुसऱ्याकडे, म्हणजे ते एका घरात असूनही दोन वेगळ्या नेटवर्कांत. ओळखायचं कसं? दोघांच्या पत्त्यातला तिसरा आकडा पाहा. एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असेल तर हाच प्रकार. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो चालू केला की पत्ते फक्त पहिला डबा वाटतो, सगळे एका छताखाली येतात, आणि नोंदही पहिल्याच डब्यात करायची. पत्ता पक्का करायच्या आधी हे निस्तरा, नाहीतर दोनदा मेहनत.

याच्याशी गल्लत होणारी पण निरुपद्रवी गोष्ट म्हणजे वायफायचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा. बहुतेक घरगुती प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर असतो. राउटर एकच असेल तर त्याने काही बिघडत नाही. ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर मात्र प्रिंटर जोडू नका. पाहुण्यांची उपकरणं घरातल्या उपकरणांना दिसू नयेत हाच त्या वायफायचा उद्देश असतो.

पत्ता पक्का असूनही छपाई अधूनमधून अडकत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ ही आज्ञा आणि प्रिंटरचा आयपी टाकून पाहा. उत्तरं मधूनच गळत असतील तर दोष सिग्नलचा आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरांत किंवा खारघरच्या एखाद्या सेक्टरमध्ये वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यांचीच किती नावं दिसतात, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. राउटरमध्ये चॅनेल बदलून पाहा किंवा प्रिंटर बेडरूमच्या कोपऱ्यातून दोन भिंती अलीकडे आणा.

इंटरनेट कंपनी बदलली तर

नवा डबा आला की बहुधा पत्त्यांचा तिसरा आकडाही बदलतो. नोंद राउटरमध्ये असेल तर प्रिंटर नव्या वायफायला जोडा, नवा पत्ता राखा आणि विंडोजचं पोर्ट बदला. प्रिंटरमध्ये हाताने पत्ता भरलेला असेल तर तो नव्या नेटवर्कवर कुणालाच दिसणार नाही. त्याच्या पॅनेलवरून नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीत आणा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. म्हणूनच जुना डबा परत करण्याआधी रिझर्व्हेशनच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि आयपी लिहिलेली चिकटपट्टी प्रिंटरच्या मागे लावा.

पत्ता पक्का झाला की काहींना पुढची कल्पना सुचते: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट प्रिंटरपर्यंत वाट उघडून, ऑफिसमधून घरच्या प्रिंटरवर छापता येईल. ते करू नका. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये असेच इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो प्रिंटर एकाने शोधून काढले आणि त्यांच्यावर एका यूट्यूबरच्या प्रचाराची पानं छापली. बाहेरून छापायचंच असेल तर प्रिंटर कंपनीची ईमेल-छपाईची सोय वापरा, किंवा घरी जो आहे त्याला पीडीएफ व्हॉट्सॲप करा. प्रिंट तोच काढेल.